केमिस्ट्रीचा तास आणि ओबो

प्रिय मृणालिनी,

नंदन परवा पुण्याला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. रोज फोनवर बोलतो आणि आता हे पत्राचं काय खूळ, असं तू म्हणशीलच. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि ऊर्मी सतत आसपास असते. कागद बरा, मध्येच बोलत नाही.

आई वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत गेल्या हे ऐकून फार बरं वाटलं. या वयात खुब्याचं हाड जुळून येणं सोपं नाही. तू तिथे आहेस म्हणून त्या चालतायत, हे मी इथे सगळ्यांना सांगतो. अजिबात घाई करू नकोस. व्हिटबीतलं घर अजून उभं आहे. वरण मला जमायला लागलंय, भाताला मात्र ऊर्मी मला हात लावू देत नाही. विंटर टायर काढायचे राहिलेत. आळस म्हणशील, पण कालच पुन्हा बर्फ पडला, त्यामुळे या वेळी तरी मी शहाणा ठरलो.

आता तुझ्या लेकीचं. एअरपोर्टवर तिनं तुला शब्द दिला होता, तू परत येईपर्यंत केमिस्ट्रीचा एकही तास बुडवणार नाही म्हणून. खरं सांगू? मला वाटलं होतं, आठवडाभर टिकेल. बँडचे कार्यक्रम नेमके शाळेच्या वेळात, केमिस्ट्री सकाळी दुसऱ्या तासाला, आणि अख्ख्या शाळेत ओबो वाजवणारी ही एकटी. क्लॅरिनेटवाली एखादी आली नाही तर बाकीच्या सांभाळून घेतात. हिच्या खुर्चीवर कोण बसणार? पण तुझंही चुकलं नव्हतं. गेल्या वर्षी कार्यक्रमांपायी तास बुडाले आणि मार्क कुठे जाऊन बसले ते आपण दोघांनी पाहिलंय. यंदाचे मार्क तर युनिव्हर्सिटीवाले बघणार.

मग काय, मी ड्रायव्हर झालो. बँड आसपासच्या प्रायमरी शाळांत वाजवायला गेला की हिच्या बँडच्या बाई, मिस डोनेली, ओबोच्या गाण्यांना पहिला नंबर द्यायच्या. तेवढं वाजवून ऊर्मी बाहेर पळत यायची, मी गाडी चालूच ठेवून गेटवर उभा. ऑफिसची मीटिंग कानात, लेक मागच्या सीटवर. एकदा बर्फ काढणाऱ्या ट्रकच्या मागे अडकलो, तर बाईसाहेब सिग्नलला उतरून उरलेला रस्ता धावत गेल्या, ओबोची पेटी छातीशी धरून. पालकसभेत केमिस्ट्रीच्या मॅडम हसत होत्या. म्हणाल्या, कार्यक्रमाच्या काळ्या झग्यावर लॅबचा गॉगल लावून प्रयोग करणारी ही पहिलीच मुलगी. मार्कही उत्तम आहेत. मी इतका खूश झालो की येताना तिला डोनट खाऊ घातले, दोन मीही खाल्ले. डॉक्टरांना सांगू नकोस.

संध्याकाळी घर छान असतं. माझ्या चहाशेजारी वाटीत पाणी घालून ती ओबोची रीड भिजत ठेवते. सनईची पत्ती असते ना, तसलीच ती. आणि मग बेसमेंटमधून सूर येतात. एक तुकडा तर मला पाठ झालाय. सुरुवात एकट्या ओबोनं होते, बाकी सगळे थांबलेले असतात. त्या वेळी मी लॅपटॉप बंद करतो. तू इथे असायला हवी होतीस, असं रोज वाटतं.

आता ज्यासाठी हा कागद पुढे ओढला ते. गेल्या आठवड्यात मिस डोनेलींचा फोन आला. या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी टोरोंटोत बँडचा मोठा महोत्सव आहे. सकाळी बस निघणार, संध्याकाळी परत. तिथे माझ्या गाडीचा काही उपयोग नाही. तो एकट्या ओबोचा तुकडा तिथेच वाजवायचाय. ऊर्मीनं तो आपणहून सोडलाय. क्लॅरिनेटला द्या म्हणाली, केमिस्ट्री आहे. मला एका शब्दानं बोलली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "इट्स फाइन बाबा, आय प्रॉमिस्ड आई." मी म्हटलं, मी परवानगी देतो, मॅडमशीही बोलतो. तर म्हणे, "पण प्रॉमिस तुला नव्हतं केलं ना." शिवाय तुला काही कळवायचं नाही अशी ताकीद, "शी हॅज इनफ विथ आजी." एवढं बोलून खाली गेली आणि तोच तुकडा वाजवत बसली. मृणाल, सोडून दिल्यावरही ती तो रोज वाजवते, आणि मला ते ऐकवत नाही. मिस डोनेलींनी जागा अजून कुणाला दिलेली नाही, पुढच्या सोमवारपर्यंत थांबते म्हणाल्यात. मार्कांसाठी तू तिला बांधलंस ते बरोबरच होतं, पण तुझ्या शब्दातून तिला मी सोडवू शकत नाही. हे वाचून झालं की, इथे रात्र असेल याचा विचार करू नकोस, तिला फोन कर आणि एवढंच म्हण, जा.

तुझाच आणि तुम्हा दोघींच्या मध्ये सापडलेला,
रविकांत