ऐंशी तासांचा खेळ मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
दीर्घ मुक्काम रुग्णालय,
तळमजला, खोली क्र. ३.

अर्जदार : खाट क्र. १२, पुरुष विभाग, दुसरा मजला.

विषय : हातात धरून खेळायच्या यंत्रावर अर्जदारास सहा तासांऐवजी ऐंशी तासांचा खेळ देण्याबाबत.

संदर्भ : खेळांच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूस, चिकटवलेली आपल्या सहीची सूचना.

महोदय,

१. अर्जदार अर्ज-छाननी विभागातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेला असून, तेहतीस वर्षांत त्याने इतरांचे किती अर्ज परत पाठवले याची मोजदाद नाही. अर्ज कुठे आणि कसा अडतो, हे त्याला कोणी शिकवू नये. हा अर्ज ‘योग्य नमुन्यात नाही’ असा शेरा मारून परत आल्यास अर्जदार चाकाच्या खुर्चीतून स्वतः खाली येईल, हे आधीच नमूद करतो.

२. वस्तुस्थिती अशी की, परिचारिकांच्या टेबलामागील लोखंडी कपाटात कुणी देणगीदाराने दिलेली सहा यंत्रे व नखाएवढ्या कार्डांवरचे एकवीस खेळ आहेत. त्यांपैकी नऊ खेळ गोष्टीचे आहेत. म्हणजे आपण कुणीतरी व्हायचे, सोबती जमवायचे, गावोगाव हिंडायचे, लोकांशी बोलायचे, लढायचे आणि गोष्ट शेवटास न्यायची. प्रत्येक डबीवर तासांची चिठ्ठी आहे. ‘हरवलेली घंटा’ सहा तास, ‘सात दीपस्तंभ’ पंचेचाळीस, ‘राखेचा मुकुट’ ऐंशी. कपाटाची किल्ली ज्या कर्मचारी बाईंकडे आहे त्यांना सगळा विभाग चिठ्ठीताई म्हणतो, कारण चिठ्ठीशिवाय त्या साधे हसतही नाहीत. एका रुग्णास एकच खेळ, आणि तो संपून ‘पूर्ण’ असा शिक्का पडल्याशिवाय दुसरा नाही. नियम चांगला आहे. अर्जदारास नियम आवडतात.

३. मागील मुक्कामात अर्जदारास ‘राखेचा मुकुट’ मिळाला होता. अर्जदाराच्या डोळ्यांना माणूस दिसतो, अक्षर दिसत नाही. त्यामुळे अर्जदाराची पत्नी रोज दुपारी चार ते सहा खाटेशी बसून पडद्यावरचे बोलणे वाचून दाखवी, आणि अर्जदार बटणे दाबी. पत्नी प्रत्येकाचा निराळा आवाज काढी. शापित गावातल्या म्हातारीला तिने माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज दिला, तेव्हा शेजारची खाट हसता हसता खोकून निळी पडली. कुणाला काय उत्तर द्यायचे ते ती ठरवी, आणि लढाई जिंकली की श्रेय मी घेई. असे अडतीस तास झाले. आमच्या चौतीस वर्षांच्या संसारात आम्ही भांडणाव्यतिरिक्त सलग दोन तास काही केल्याचे मला स्मरत नाही. चौथ्या नगराच्या वेशीपाशी पोचलो आणि मला बरा म्हणून घरी सोडले.

४. या खेपेस दाखल होताच तोच खेळ मागितला असता ‘हरवलेली घंटा’ हातावर टेकवण्यात आली. ‘मुकुट’ बाहेर गेला आहे, असे कळले. तो दोन-तीन खाटा सोडूनच गेला होता. खाट क्र. ९ वरील गॅरेजवाला, वय एकोणतीस, तक्रार फक्त मोडलेल्या मांडीची. त्याने आमचे अडतीस तास पुसून नव्याने खेळ सुरू केला. तो पडद्यावरचे एक अक्षर वाचत नाही. राणी रडून काही सांगत असते आणि हा बटण दाबून तिला गप्प करतो. गाढवाला गुळाची चव काय. मी त्याला फाडफाड बोललो तेव्हा तो ओशाळला, आणि परतफेड म्हणून कुबड्यांवर कपाटापर्यंत जाऊन दारावरची सूचना मला तोंडपाठ येऊन सांगितली : “वर्षभरात सत्तावन्न वेळा दिलेल्या खेळांपैकी एकेचाळीस अपूर्ण परत आल्याने वार्षिक अहवालात कपाटाचा उपयोग कमी दिसतो. यापुढे खेळ देताना रुग्णाचा अपेक्षित मुक्काम विचारात घ्यावा.” मी त्याच्याकडून ती तीनदा वदवून घेतली. भाषा निर्दोष आहे, साहेब. मी आपल्या जागी असतो तर शब्दही बदलला नसता.

५. या सूचनेचा अर्थ अर्जदाराने खाट क्र. १३ वरील शिंपीकाकांना समजावून सांगितला, हेही लपवीत नाही. त्यांच्याकडे चार तासांचा खेळ होता. एक बेडूक आपले चोरीला गेलेले जोडे शोधत राजवाड्यात जातो, असला. ते दिवसभर त्यात रमलेले असत. तुम्हाला चारच तासांचा का दिला, काही कळतंय का, असे मी त्यांना विचारले. विचारण्याची काही गरज नव्हती. त्या दिवशी माझे पोट फार दुखत होते आणि ते हसत होते, एवढेच कारण. त्यांनी यंत्र उशीखाली ठेवले, भिंतीकडे तोंड केले आणि चौथ्या दिवशी गेले. खेळाचे दोन तास चाळीस मिनिटे शिल्लक होती. ती माझ्या नावे जमा करावी, अशी तोंडी मागणी मी त्याच दिवशी चिठ्ठीताईंकडे केली. त्यांनी माझ्याकडे जसे पाहिले ते मी विसरणार नाही. मला लाज वाटते. त्यांच्या खाटेकडच्या कुशीवर मी आता झोपत नाही. मागणी मात्र मागे घेतलेली नाही.

६. दरम्यान अर्जदाराने सहा तासांचा खेळ एकोणीस दिवस पुरवला आहे. घंटा शोधणारी मुलगी मनोऱ्याच्या शेवटच्या दारापाशी पोचून नऊ दिवस झाले. दार उघडले की खेळ संपतो, म्हणून मी तिला मागे फिरवतो आणि माळावर फुले वेचायला पाठवतो. आजअखेर दोनशे बारा फुले झाली आहेत. पत्नी दारवानाचे तेच वाक्य रोज नव्याने वाचते आणि ‘आता उघडा की दार’ असे एकदाही म्हणत नाही. भाजीत मीठ कमी पडले तरी चार वाक्ये बोलणारी बाई. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

७. शुक्रवारी चिठ्ठीताईंना गाठून खनपटीस बसलो तेव्हा त्या म्हणाल्या : “काका, सूचना आहे ती आहेच, पण तुमचा खेळ मी नाही निवडला. काकू डॉक्टरांना भेटून आल्या आणि म्हणाल्या, यांना संपेल असा द्या.” म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून माहीत होते. आणि तरी रोज खाटेशी बसता बसता विचारायची, ‘मुकुट कधी देणार म्हणे?’ इतके सहज, की मी तिचीच समजूत घालायचो. गावातल्या म्हाताऱ्यांचे आवाज काढता काढता माझ्यासमोरही एक आवाज काढून बसली होती. मी बसलेला असतानाच हिने माझ्यामागची आवराआवर सुरू केली. परक्याने केले असते तर मी चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

अर्जदारास अक्षर दिसत नसल्याने हा अर्ज तीच लिहीत आहे. या परिच्छेदाची तिला कल्पना नव्हती. तिचा हात थांबला आहे. पुढे लिही, सांगतो तसेच लिही, एक शब्द गाळू नकोस, असे तिला सांगितले आहे. तिच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही, म्हणून आपल्या नावाने बोललो. त्याबद्दल क्षमस्व. ही क्षमा आपली मागत आहे, तिची नाही.

८. तरी विनंती की, गॅरेजवाला गुरुवारी घरी जात असल्याने ‘राखेचा मुकुट’ अर्जदारास देण्यात यावा. रोज दोन तास धरले तर चाळीस दिवस लागतील. चाळीस दिवस हजर राहण्याची लेखी हमी अर्जदार देत आहे. सरकारी नोकरीत मी एकदाही विनापरवानगी गैरहजर राहिलेलो नाही. आणि राहिलाच अपूर्ण, तर एकेचाळिसाचे बेचाळीस होतील. त्याने आपल्या अहवालावर काय आभाळ कोसळणार आहे? मला मरायचे नाही, साहेब. हे वाक्य कोणत्याच नमुन्यात बसत नाही, म्हणून शेवटी घातले.

आपला नम्र व अद्याप हजर,
(सही वाकडी आहे, पण माझीच आहे)
खाट क्र. १२
दिनांक : ११, मंगळवार

सोबत :
१) चाळीस दिवसांचे हमीपत्र.
२) ‘हरवलेली घंटा’ डबीसह. अपूर्ण.

(सहीखाली, लिहिणारीकडून)

साहेब,

वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे, काही गाळलं नाही. सातव्यात आहे ते खरं आहे. त्यांना अक्षर दिसत नाही, म्हणून एवढं इथे लिहिता येतंय. काय लिहितेस म्हणून त्यांनी विचारलं, तर मी ‘पत्ता लिहितेय’ म्हणाले.

डॉक्टरांनी मला आठ-दहा दिवस सांगितले होते. आज विसावा दिवस आहे.

अर्ज मंजूर करू नका. तो खेळ हातात आला की हे खेळणार नाहीत, किती उरलाय तेवढंच मला विचारत बसतील. आणि नामंजूरही करू नका. चिठ्ठीताईंना रोज एवढंच सांगायला लावा, की कागद साहेबांच्या टेबलावर आहे, सही व्हायची आहे. कुठे काही अडलंय म्हटलं की यांच्या अंगात बळ येतं. काल हा अर्ज सांगायला बसले, आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले.