सातव्या प्रश्नाचं उत्तर

निपाणी, १२ जानेवारी

प्रिय प्रशिकदादा,

तुझ्या कॅरिबियन बेटाचा नकाशा मी स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला आहे. आई भाकरी थापता थापता त्याच्याकडे बघून म्हणते, "मासं बघाय एवढ्या लांब? वेदगंगेत काय कमी हाईत व्हय?" पण काल तिनेच शेजारच्या मंगलमावशीला ऐकवलं, "आमचा प्रशिक समुद्राच्या तळाला जाणार हाय, संगं पारूलाबी नेतोय."

तयारी बहुतेक झाली. व्हिसाची कागदपत्रं लावली, मार्चमधली बोट ठरवली. आठ दिवस बोटीवरच राहायचं. तिथून जवळचं इस्पितळ नऊ तासांवर आहे, हे माहितीपत्रकात शेवटी बारीक अक्षरात दिलंय. मी ते तीनदा वाचलं.

तू बंगळुरूला एवढ्या मोठ्या कंपनीत आहेस, तरी अर्ज आला की माझ्याकडे पाठवतोस. आई-आप्पांना अक्षर येत नव्हतं, तू वसतिगृहात होतास, तेव्हापासून घरचे सगळे अर्ज माझेच. डायव्हिंगवाल्यांच्या अर्जातला सातवा प्रश्न असा: दमा किंवा धाप लागण्याचा त्रास कधी झाला आहे का? तू फोनवर म्हणालास, "नाही टाक गं. ते वखारीचं हाय, दमा न्हाय." आपल्याकडे सगळे असंच म्हणतात. आई वखारीत तंबाखू चाळायची, तू पोत्यांवर झोपायचास आणि झोपेत तुझी छाती शिट्टीसारखी वाजायची. गल्लीतल्या सगळ्याच पोरांची वाजायची, म्हणून त्याला कुणी आजार म्हटलं नाही. दिवाळीला तुझ्या बॅगेत इनहेलर दिसला, तेव्हा मीही गप्प बसले. मुरुडेश्वरला डायव्हिंग शिकायला पाण्यात उतरलास तेव्हा काही झालं नाही, हे खरं. पण खोल पाण्यात धाप लागली तर झटकन वर येता येत नाही म्हणे.

तरी मी 'नाही'वर खूण केली. मग अर्ज पाठववेना. कारण हे 'नाही' मी आधी एकदा लिहिलं आहे.

आप्पांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला. मी दहावीत होते. नर्सने दिलेला अर्ज बाकावर बसून भरत होते. श्वासाचा काही त्रास? आप्पांना विचारलं तर ते हसले. "वखारीत राबल्यावर एवढं व्हतंयच की. न्हाय लिव, पोरी." मी चांगल्या अक्षरात 'नाही' लिहिलं. भूल दिल्यावर अडकलेला त्यांचा श्वास पुन्हा सुटलाच नाही. तू अजून त्या डॉक्टरांना दोष देतोस, आई नशिबाला देते. दादा, त्या डॉक्टरांनी माझा कागद वाचूनच भूल दिली होती. बारा वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

आज सकाळी मी सातव्या प्रश्नापुढे 'होय' केलं आणि तुला न विचारता अर्ज पाठवून दिला. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस. त्यांचं उत्तर यायला आठवडा लागतो, त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं. ते आता डॉक्टरांचा दाखला मागतील, कदाचित तुला बोटीवर घेणारही नाहीत. बेळगावला छातीच्या डॉक्टरांकडे पंचवीस तारखेला तुझं नाव लावलं आहे. त्यांनी जा म्हटलं तर मी बोटीच्या काठावर बसून तुझे बुडबुडे मोजेन. रागावलास तरी बेळगावला ये. तिथेही अर्ज असेलच. तो मात्र तू तुझ्या हाताने भर.

तुझीच,
पारमिता