माझी खरी उंची

प्रिय शालकबुवांस,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे तुला जिना चढू देतात का? माझे चालतात, पण जायचं कुठे ते त्यांना आता कळत नाही.

तुझ्या ताईला जाऊन दोन महिने झाले. त्या गाडीच्या अपघाताची चौकशी अजून चालूच आहे. नियम असा की रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांपासून दहा फुटांच्या आत माणूस असेल तर चूक गाडीवाल्याची, बाहेर असेल तर चालणाऱ्याची. औषधांच्या दुकानावरच्या कॅमेऱ्यात आम्ही दोघं दिसतो. मी पुढे, चौथीतली कविता म्हणत (दुसऱ्या कडव्यावर नेहमीसारखा अडलेला), आणि ती मागे, मला ओळ सांगत. मोजणीसाहेब म्हणाले, चित्रातल्या एका गोष्टीचं खरं माप मिळालं की बाकीची अंतरं काढता येतात. पट्टे नंतर नव्याने रंगवलेले, दुकानाची पाटीही बदललेली. जुन्यापैकी उरलो तो मी. "आजोबा, उंची किती तुमची?" मी छाती काढून म्हणालो, "पाच फूट सात इंच!"

हा आकडा मी लग्न ठरताना तुझ्या वडिलांना सांगितला होता. तुझी ताई पाच-पाच, मग दुसरं काय सांगणार? (लग्नाच्या फोटोत मी विटेवर उभा आहे, हे तुला ठाऊकच आहे.) तिने पुढे त्रेचाळीस वर्षं सपाट चपला घातल्या आणि अवाक्षर काढलं नाही. माझी ती फुशारकी आता अख्ख्या रस्त्याला लागली. पट्ट्यांपासून तिचं अंतर आलं साडेदहा फूट. कागदावर लिहिलंय, चूक पादचारी बाईची. अरे, गल्लीतही दोन्हीकडे बघून पाऊल टाकणारी बाई ती!

मी धावत जाऊन भिंतीला पाठ लावली. पाच फूट दोन भरलो. साहेब म्हणाले, "निकाल ऐकला की माणसं बुटकी होतातच, आजोबा. जुना साक्षीदार आणा."

तुझा,
भावोजी

ता. क. तू मला लग्नमंडपापासून 'बुटके भावोजी' म्हणत आलास, आणि त्यावरून मी एकदा वर्षभर अबोला धरला होता. तेच आता सहीनिशी लिहून पाठव. हात आखडू नकोस.

आणखी एक. खऱ्या उंचीने मोजलं तर ती पावणेदहा फुटांच्या आत येते, सुटते. पण त्याच मापाने तिच्या-माझ्यातलं अंतरही आक्रसतं. कागदात ते चार फूट आहे, आणि चार फुटांवर माझा हात पोहोचला नसता, असं मी दोन महिने स्वतःला सांगत आलोय. तरी दाखला लवकर पाठव.