पार्लरचं क्रीम आणि पिवळा कंप्युटर

१२ एप्रिल १९९८, विद्यानगर

केसांना लावायचं पेरॉक्साईडचं क्रीम सांडलं कुठे, तर ह्यांच्या कीबोर्डवर! घाबरून तसाच उन्हात ठेवला आणि पार्लर उघडलं. दुपारी पाहते तो सांडलं तेवढी बटणं पांढरीशुभ्र, बाकीची जुन्या दातांसारखी पिवळी. कारखाना बंद पडल्यापासून हे सिकंदराबादच्या भंगारातून कंप्युटर आणतात. आतून ठाकठीक करतात, पण वरून पिवळे म्हणून कुणी घेत नाही. हे बघतच राहिले. "निशा, सगळेच कर की असे!" कितीतरी महिन्यांनी मला नावाने हाक मारली. बरं वाटलं.

१५ एप्रिल

गच्चीवर दुकान मांडलंय. हे स्क्रू काढून आतलं सगळं बाजूला करतात, मी रिकाम्या खोक्याला ब्रशने क्रीम फासते, वर प्लास्टिकचा कागद. पहिल्याची वाट लागली — क्रीम वाळलं नि चट्टे उठले. हैदराबादचं ऊन ते! आता सारखी उठून पुन्हा लावते. शेजारची मीना म्हणाली, "आता डब्ब्यांचं पण फेशियल करताव का?" दोघंही हसलो.

१९ एप्रिल

एक विकला गेला. ह्यांच्या वहीत नाव दिसलं — अंबरपेठच्या तारामतीबाई, माझं जुनं गिऱ्हाईक. नवरा गेल्यावर आता मुलींसाठी कंप्युटर क्लास काढतायत. आज भुवया करायला आल्या आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एकदम नवा कोरा घेतला!" माझ्या हातातला दोरा तुटला.

जेवताना ह्यांना विचारलं, जुना म्हणून सांगितलंत ना? तर म्हणतात, "तुझ्याकडे कोण केस रंगवतं ते तू चारचौघांत सांगतेस का?" म्हणजे फसवलंच. एकट्या बाईला! आणि पांढरं कुणी केलं? मी.

२३ एप्रिल

बोलणं बंद.

२९ एप्रिल, अक्षय्य तृतीया

क्लासचं उद्घाटन. मुलींच्या आया दाटीवाटीने बसलेल्या. ह्यांनी नारळ फोडला, तारामतीबाईंनी कंप्युटरला हळद-कुंकू लावलं. एक बाई हात फिरवून म्हणाली, "कितना साफ है!" बाईंचं पुन्हा तेच — "नवा कोरा!" हे खाली मान घालून प्रसाद वाटत होते. माझं डोकंच फिरलं. "कोरा कसला? माझ्या गच्चीवर मी पांढरा केलाय. तुम्हाला फसवलंय ह्यांनी!"

ती हात फिरवणारीच उठली — "नवा कंप्यूटर है बोलके फीस दिये हम! वापस करो!" एकीमागून एक पोरींना घेऊन निघाल्या. बाई भिंतीला टेकून उभ्या, माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. वाईट वाटलं. पण खरं कुणीतरी बोलायलाच हवं होतं ना? मन हलकं झालं.

३ मे

क्लासला कुलूप. बाई भावाकडे नांदेडला गेल्या म्हणे.

४ मे

आज हे बोलले. "पिवळा असतानाच बघून गेल्या होत्या त्या. नवा परवडत नव्हता. हात जोडून म्हणाल्या, कुलदीपभाऊ, पांढरा करून द्या, पण माझ्यासाठी आहे हे निशाला कळू देऊ नका."