ह्यांनी न घेतलेला हिरा

सोमवार, ३ फेब्रुवारी

चोर! आमच्या ह्यांना चोर केलंय — आणि वर नायकसुद्धा!

दुपारी भाचा आला होता. वन्संचा धाकटा. सिनेमे लिहितो. आजवर लिहिलेला एकही पडद्यावर आला नव्हता, त्यामुळे घरात त्याला सगळे ‘लेखकराव’ म्हणतात. आता मात्र एक हिंदी सिनेमा खरंच निघतोय. हिऱ्यांच्या चोरट्या धंद्यावर. मारामाऱ्या, पाठलाग, सगळं.

“मामी, आपल्यात हिरे हाताळलेलं तुझ्याशिवाय आहे कोण? नटीला चिमटा धरायला शिकवशील?”

मी खुलले. का नाही खुलणार! निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी चिमटा म्हटलं की बोटं शिवशिवतात.

तो गेल्यावर त्याने ठेवलेलं बाड उघडलं. पान अकरा. हिऱ्यांच्या ऑफिसातला एक पारखी — अबोल, चष्मेवाला, उजव्या भुवईवर चामखीळ. त्याच्या टेबलावरचा हिरा नाहीसा होतो. मालक त्याला काढून टाकतो. घरी बायको रडते. पान बारा : बायकोची पाठ वळताच तो पोकळ दाढेतून हिरा काढतो आणि हसतो.

चामखीळ ह्यांचीच. पण मी रडले नव्हते. आणि ह्यांची दाढ भरलेली होती. मीच नेलं होतं डॉक्टरकडे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काय घडलं ते एकदा नीट लिहून ठेवते. दुसरं कोण लिहिणार?

एकोणीस वर्षं झाली. आम्ही दोघं एकाच ऑफिसात होतो, कच्चे हिरे निवडायला. ह्यांचं टेबल खिडकीजवळ, माझं मागच्या रांगेत. कच्चा हिरा म्हणजे काही झगमगाट नसतो. तुरटीचा खडा परवडला. पण ह्यांच्यासारख्या माणसाला त्याच्या नुसत्या सालीवरून खाण कळायची. “हा नदीतला गं, बघ कसा घासलाय,” असं सांगायचे — लोक ओळखीच्या माणसाबद्दल बोलतात तसं.

त्या दिवशी ह्यांच्या पुडीत एक दगड कमी भरला. पुडी म्हणजे आमची हिरे ठेवायची कागदाची घडी. दगड पडला की आमच्यात नियम होता — जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचं, पाऊल उचलायचं नाही. दोन तास आम्ही बारा जण पुतळ्यांसारखे उभे. बुटांचे तळवे बघितले, फरशीच्या फटी ब्रशने झाडल्या. मिळाला नाही.

शेठनी पोलीस बोलावले नाहीत. “घरचा माणूस आहे, शोभा नको,” म्हणाले. ह्यांच्याकडून राजीनामा घेतला, मला ठेवलं. इतकंच नाही, ह्यांचं खिडकीजवळचं टेबल मला दिलं. केवढं मोठं मन! त्या उपकारापोटी मी दर नव्या वर्षी शेठना स्वतःच्या हाताने शुभेच्छापत्र लिहून पाठवते. अजूनही. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी घोटवून घेतलेलं अक्षर निदान तेवढ्या कामाला येतं.

घरी आल्यावर हे एकदाच म्हणाले, “मी घेतला नाही.” मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढे एका स्टेशनरीच्या दुकानात पेन्सिली विकायला लागले. चार वर्षांपूर्वी गेले. वन्सं खांदेकऱ्यांच्या मागे लांब उभ्या होत्या, जसं काही मलाच संसर्ग झाला होता.

बुधवार, ५ फेब्रुवारी

भाच्याला फोन केला. नाही म्हणून सांगायचं ठरवलं होतं. तर म्हणतो, “मामी, तू सेटवर असलीस तर मामांचं पात्र जपशील. नसलीस तर दिग्दर्शक त्याला दुसरी बाईसुद्धा देईल.”

जाणार आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

वन्संचा फोन! एकोणीस वर्षांत मला एकाही लग्नकार्याचं आमंत्रण द्यायला ज्यांना सवड झाली नाही, त्या चाळीस मिनिटं बोलल्या.

“वहिनी, ऐकलंस ना? आपल्या दादावर सिनेमा! मी तर पहिल्यापासून म्हणत होते, दादाचं डोकं म्हणजे डोकं. नऊ कुलपं, तपासणी, आणि तरी पठ्ठ्याने —”

“वन्सं, त्यांनी घेतला नव्हता.”

“अगं, आता कशाला लपवायचं? आता काय कोण पकडणार आहे!”

आधी चोर म्हणून बोलत नव्हत्या. आता चोर म्हणूनच बोलतायत. मधल्यामध्ये माझ्या साध्या नवऱ्याला ओळख द्यायला कुणीच तयार नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सेट बघितला. आमचं ऑफिस म्हणे! काळ्या भिंती, लाल दिवे. अशा उजेडात हिरा सोडा, स्वतःचा हात दिसला तरी पुष्कळ. मी म्हटलं, “आमच्याकडे पांढरी टेबलं असायची, उत्तरेची खिडकी, पांढरे कोट. दवाखान्यासारखं.” दिग्दर्शकाने केसांचा बुचडा बांधलाय आणि तो बोलताना सारखा चाचपतो. म्हणाला, “मॅडम, लोक दवाखाना बघायला तिकीट काढत नाहीत.”

हिरेही लख्ख, पैलू पाडलेले. काचेचे. मी तुरटीचं सांगितलं. त्याने बुचडा चाचपला.

नायिका, म्हणजे सिनेमातली ह्यांची बायको, मात्र गोड आहे. “आंटी, आंटी” करत मागे फिरते. चिमटा पेनासारखा धरते. मी तिची बोटं धरून शिकवलं — दाबायचं नाही, नुसतं उचलायचं, झोपलेल्या बाळाच्या मुठीतून कागद काढावा तसं. तिसऱ्या खेपेला जमलं. आणि मग उडाला दगड चिमट्यातून!

“हलू नका!” मी ओरडले. तोंडातून निघूनच गेलं.

आणि खरंच, ऐंशी माणसं थिजली. दिवे धरणारे, चहा वाटणारे, शिडीवरचा रंगारी. दिग्दर्शकाचा हात बुचड्यावर तसाच. मी गुडघ्यावर बसून, मान तिरकी करून, फरशीच्या पातळीवर डोळा नेला. सापडला, नायिकेच्या चपलेच्या टाचेशी.

काचेचा होता. दोन रुपयांना बारा मिळत असतील. पण त्या अर्ध्या मिनिटात मी किती सुखी होते!

दिग्दर्शक म्हणाला, “हे सिनेमात घेऊ.” चला, दाढेच्या जोडीला एक तरी खरी गोष्ट.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज विचारलंच. जेवणाच्या सुट्टीत भाचा आणि दिग्दर्शक दोघांना समोर बसवलं. म्हटलं, “शेवटी तो निर्दोष निघू दे. बाकी काय मारामाऱ्या करायच्या त्या करा.”

भाच्याने ताटातून मान वर केली नाही. दिग्दर्शक समजुतीच्या सुरात म्हणाला, “मॅडम, ज्याने काहीच केलं नाही असा माणूस अडीच तास दाखवू कसा?”

“मी तीस वर्षं बघितला. कंटाळा नाही आला.”

नायिका हसली, मग तिचे डोळे भरले. दिग्दर्शकाने तिला सांगितलं, “हे असंच रडायचं, पान अकराला.”

घरी सोडताना भाचा गाडीत म्हणाला, “मामी, खरं सांगू? लहानपणी मला मामा आवडायचे ते त्यांनी हिरा चोरला म्हणूनच. आमच्या घरात दुसरं कुणी काही केलंच नाही गं.”

ह्यांनी त्याला दर वाढदिवसाला पेन्सिलींची पेटी दिली. टोकं काढून.

रविवार, २३ फेब्रुवारी

डोकं दुखतंय. सेटवर गेले नाही. ह्यांचं भिंग पुसून ठेवलं.

रविवार, २ मार्च

पेपरात भाच्याची मुलाखत! फोटोत गॉगल. ‘सत्य घटनेवर आधारित. माझ्या मामांच्या आयुष्यातला प्रसंग. हिऱ्यांच्या बेकायदा व्यापाराचा पर्दाफाश.’

फोन केला. “अरे, कसला पर्दाफाश? आमच्या ऑफिसात बेकायदा काही नव्हतं. प्रत्येक पुडीवर खाणीचं नाव, तारीख, सही.”

“मामी, पेपरवाल्यांना असंच सांगावं लागतं. तू नको मनावर घेऊ.”

मनावर न घेता कुठे घेऊ, हे कुणी सांगत नाही.

शनिवार, ८ मार्च

शेठच्या मुलीचा फोन. बाबांना तुम्हाला भेटायचंय, लवकर या. तब्येत बरी नसते.

बिचारे. वाचून दुखावले असणार. ऐंशी ओलांडलेला माणूस, आणि त्यांच्या ऑफिसला असा काळा रंग. मी माफी मागणार आहे. आणि एक मागणंही आहे — त्यांनी दोन ओळी लिहून द्याव्यात, की ह्यांच्यावर चोरी कधी सिद्ध झाली नव्हती. त्या ओळी मी दिग्दर्शकाच्या नाकासमोर धरीन.

रविवार, ९ मार्च

सकाळी गेले. जसं झालं तसं लिहिते. आजचं अक्षर सिस्टरांना आवडणार नाही.

शेठ खुर्चीत, पायांवर शाल. मुलीला बाहेर पाठवलं. मी माफीची सुरुवात करणार, तोच त्यांनी पेपर पुढे केला.

“बाई, यात सत्य किती आहे?”

त्यांचा आवाज दुखावलेला नव्हता. घाबरलेला होता! शेठना मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. का कोण जाणे, म्हटलं, “बरंच.”

“म्हणजे त्याने तुम्हाला सांगितलं होतं?”

काय सांगितलं होतं? मला काहीच माहीत नव्हतं. शाळेत खोटं बोललं तर सिस्टर ते नीतीच्या वहीत शंभरदा खरं करून लिहायला लावत. माझ्या वहीत ते पान कोरंच राहिलं. आज वयाच्या चौसष्टाव्या वर्षी म्हटलं, “हो. सगळं.”

शेठनी डोळे मिटले. “मला वाटलंच होतं. दर वर्षी पत्र यायचं तुमचं. ‘आपले उपकार विसरले नाही.’ काय अर्थ होता ते कळत होतं मला. एकोणीस वर्षांत एक जानेवारी सुखाची गेली नाही, बाई.”

माझी शुभेच्छापत्रं! फुलं छापलेली, मी तास तासभर बसून निवडलेली!

मग ते आपणहून बोलत गेले. मी नुसती मान हलवत होते.

हिरा हरवलाच नव्हता. तो शेठच्या खणात होता. त्या दिवशी ज्या पुडीपायी आम्ही दोन तास पुतळे झालो, तिच्यावर नाव एका खाणीचं होतं आणि माल दुसरीकडचा — जिथे लढाई चालली होती, जिथे माणसांना बंदुकीच्या धाकाने खणायला लावत होते, जिथला माल घ्यायला जगभर बंदी होती. ह्यांनी तो काही दिवस आधीच सालीवरून ओळखला होता. शेठकडे गेले आणि विचारलं, “हा कुठून आला?”

“मी म्हटलं, तू निवड, बाकीचं माझ्यावर सोड. तर म्हणतो, आधी सांगा, मग निवडतो. रोज तेच. बाहेर बोलला असता तर सगळंच गेलं असतं. मग चोर म्हणून काढला. चोराचं कोण ऐकतं?”

“आणि मला ठेवलंत.”

“तुम्ही आत होतात, म्हणून तो बाहेर गप्प राहिला.”

पोलीस का आले नाहीत, ते आज कळलं. उपकार!

“पुढे?” मी विचारलं.

“पुढे काय? माल येत राहिला.”

दोन ओळी लिहून मागायच्या राहिल्या.

आता संध्याकाळ झालीय. हे या वेळेला दारात उभे असायचे. मी ऑफिसातून आले की पिशवी घ्यायचे, मग माझा हात हातात घेऊन बोटांकडे बघत राहायचे. मला वाटायचं, माया. मायाच होती. पण त्या बोटांत दिवसभर काय होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. मला सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले असते का? गेले नसते. आणि मग आम्ही पेन्सिलींवर जगलो असतो. त्यांनी माझी झोप वाचवली. त्यासाठी स्वतः चोर राहिले.

मी रागवू की रडू? दोन्ही आलटून पालटून चाललंय.

मंगळवार, ११ मार्च

भाच्याला सगळं सांगितलं. तो डोकं धरून बसला. “मामी, मामा निर्दोष. हिरा शेठच्या खणात. मग माझ्या सिनेमात तो चोरटा माल अकरा वर्षं निवडला कुणी?”

म्हटलं, घे लिहून. बाई. खिडकीजवळचं टेबल. चांगली नजर, चांगलं अक्षर, चांगली शाळा. कुठून आला, एकदाही विचारलं नाही.

उद्या अकरा वाजता पोलिसांना हेच लिहून द्यायचंय. कच्चा मजकूर तयार आहे. शेठचं नाव दुसऱ्या ओळीत घातलंय. पहिल्या ओळीत माझं.