दोन तुकड्यांतली पार्बता

परतवाडा,
रविवार, दुपार

प्रिय रश्मी,

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. बाबांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि ते माझ्या टेबलावर ठेवून दिलं. वरून चाचपूनच कळलं आत काय आहे ते. स्पायरलची ती वाकडी तार मी कुठेही ओळखेन. पाकीट उलटं करून झटकलं, चिठ्ठी पडेल म्हणून. चिठ्ठी नव्हती. नुसता आपल्या पार्बताचा उत्तरार्ध. दीड वर्षानंतर तुझ्याकडून काही आलं आणि त्यात तुझ्या हातचं म्हणजे फक्त माझा पत्ता. तो मी कितीदा वाचला असेन, सांगायला लाज वाटते.

तुला आठवतं का गं, आपण ते पुस्तक कसं घेतलं? अमरावतीच्या त्या फुटपाथवर, पुढचं कव्हर गेलेलं, इंग्रजी. नाश्त्याच्या गिलावड्याचे पैसे त्यात घातले आणि एकमेकींना सांगितलं, इंग्रजी सुधारेल, परीक्षेला कामी येईल. खरं तर मागच्या पानावर लिहिलं होतं की एका मुलीची धाकटी बहीण तळ्यात बुडून मरते आणि ती मुलगी सूड घ्यायला निघते, तेवढ्यावरच आपण भुललो होतो. त्या मुलीचं नाव आपल्याला धड उच्चारता येईना, म्हणून तू तिचं बारसंच करून टाकलंस. पार्बता! मग दोघींनाही आधी वाचायचं होतं, म्हणून स्पर्धा परीक्षेची गाइडं कापून घेतो तसं हेही कापायला झेरॉक्सवाल्या भगवंतकाकांकडे नेलं. काका किती चिडले होते. "अवं, गाइड कापतेत, गोष्टीचं पुस्तक कापते का व कोनी?" पण कापलं. बरोबर मधोमध. तिथे वाक्य अर्धं तुटतं आहे हे कोणीच पाहिलं नाही.

तू भराभर वाचणारी. पूर्वार्ध दोन दिवसांत संपवलास आणि माझ्याकडे दिलास. नियम असा ठरला की माझा पूर्वार्ध होईपर्यंत तू उत्तरार्ध उघडायचा नाही. तू वैतागायचीस, पण थांबायचीस. होस्टेलच्या गच्चीवर टाकीला टेकून मी मोठ्याने वाचायचे आणि तू केस वाळवत माझं वाक्य संपायच्या आत त्याचं वऱ्हाडी करायचीस. पार्बताला बहिणीचा बूट सापडतो, त्या पानावर मात्र तू वऱ्हाडी करणं विसरलीस. मग तू म्हणालीस, "मी तं सोडलं नसतं कोनाले. अश्विनले काही झालं तं मी गाव जाळीन." आणि तेवढ्यात तुझ्या त्या भावाचा, अश्विनचाच फोन आला, जेवल्या का म्हणून विचारायला. किती हसलो होतो आपण.

त्याच महिन्यात तो मेळघाटात, सेमाडोहकडच्या शाळेवर मास्तर म्हणून लागला. दर रविवारी अकोल्याहून निघायचा, परतवाड्यात मुक्काम करायचा आणि सोमवारी सकाळच्या जीपने वर जायचा. मीच त्याला म्हटलं होतं, आमच्या श्यामदादाची जीप त्याच रस्त्यावर चालते, पुढची सीट ठेवायला सांगते. मागे दहा माणसं कोंबतात, तू मास्तर माणूस, ऐसपैस बस. ही गोष्ट मी तुला किंवा तुझ्या आईला, इंदूमावशींना, कधी सांगितली नाही. सीट मी ठेवायला लावली होती.

एका सोमवारी घाटात जीप खाली दरीत गेली. मागचे सगळे वाचले. दादाचा हात मोडला. पुढच्या सीटवरचा वाचला नाही. दवाखान्यातच दादा म्हणाला, "मास्तरले शाळेची घाई होती, तोच लवकर लवकर करून राहिला होता." तेच कागदावर आलं, तेच पेपरात आलं.

अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे तुमच्या गल्लीत मी आले होते, अश्विनच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. दारात चपला ठेवायला जागा नव्हती. मी मागे बसले होते. इंदूमावशींनी मला तिथूनही शोधलं, स्वतः चहा आणून दिला आणि शेजारी बसल्या. म्हणाल्या, "तू तं त्या डायवरची बहीन. मले एवढंच सांग पोरी, माह्या अश्विननं खरंच घाई केली का? त्यानं जल्मात कोनाले घाई केली नाही. आंघोयीले जाले मले दहा खेपा हाका मारा लागत." मी चहाच्या कपात पाहत राहिले. म्हटलं, मला माहीत नाही मावशी. मान वर केली तेव्हा तू भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होतीस. त्यानंतर तू माझा फोन घेतला नाहीस. मीही काही दिवसांनी लावणं सोडलं. आता खरं सांगते, तू उचलशील याचीच भीती वाटायची.

पूर्वार्ध मी या दीड वर्षात चार वेळा वाचला. पार्बता एकेकाचा शोध घेत जाते आणि शेवटी तिला कळतं की पोलिसांना खोटं सांगणारी तिची सगळ्यात जवळची मैत्रीणच होती. शेवटच्या पानावर ती त्या मैत्रिणीच्या दारात उभी आहे, बेल दाबायला हात उचललेला, आणि तिथेच भगवंतकाकांची सुरी चाललेली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पार्बताच्या बाजूने दारात उभी होते. आता वाचते तेव्हा मी आत असते. आतून पावलं ऐकते, आणि बाहेर तू असतेस.

रश्मी, त्या रविवारी दादा वरातीची ट्रिप घेऊन अकोल्याला गेला होता. सोमवारी पहाटे पाचला परत आला. दार मीच उघडलं. डोळे लालभडक. मी म्हटलं, दादा, झोप जरा. तो म्हणाला, "स्टँडवरचा नंबर सोडला तं दुसरा सवाऱ्या नेते. घाटाचा दगड न् दगड मले मालूम हाय." मी चहा करून दिला. आणि त्याला आठवण करून दिली, अश्विनची सीट ठेव. पोलीस घरी आले तेव्हा आई माझ्याकडे नुसती बघत होती. मी सांगितलं, दादा रात्री दहालाच झोपला होता. घरातली एकटी ग्रॅज्युएट म्हणून सगळ्यांनी मलाच पुढे केलं होतं. पदवीदानाचा फोटो माझ्या डोक्यावरच टांगलेला होता. माझ्या शिक्षणासाठी ज्याने दहावीनंतर पुस्तक सोडून स्टिअरिंग धरलं, त्याला मी वाचवलं. आणि तुझ्या भावाच्या नावाला घाई लागली ती लागलीच.

काल दादाला सांगितलं, आता मी हे निभावू शकत नाही. वाटलं ओरडेल. तो ओट्यावर बसला होता, मोडलेला हात चोळत. म्हणाला, "उलटंच झालं होतं व. मास्तरच म्हने, श्यामभाऊ, तुमचे डोये मिटून राहिले, घटांगच्या टपरीवर थांबू, च्या घेऊ. मीच थांबलो नाही." मग उठून आत गेला. आई कालपासून माझ्याशी बोलत नाही. मला ऐकू जाईल असं बाबांना एकदाच म्हणाली, "शिकवून चुकलो का आपन?" आज सकाळी माझ्यासाठी चहा मात्र बाबांनी केला.

हे पत्र मी माफीसाठी लिहिलेलं नाही. शुक्रवारीच सरकारी वकिलांना भेटून मी सगळं सांगितलं आहे आणि बावीस तारखेला अचलपूरच्या कोर्टात माझी साक्ष आहे. तिथे सांगेन ते तू तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकू नयेस, म्हणून आधी तुला. इंदूमावशींना तेवढं सांग, अश्विनने घाई केली नव्हती. तो चहाला थांबू म्हणत होता. उत्तरार्ध मी अजून उघडलेला नाही. पार्बताने माफ केलं असेल तर मी त्या आशेने बोलले असं होईल, आणि नसेल तर कदाचित माझा धीर सुटेल. बावीस तारीख झाली की वाचीन. तू तो का पाठवलास, हे मी विचारत नाही. आपल्यातलं संपवायला पाठवला असशील, तर तसंही असो. पण सोबत माझ्याकडचा पूर्वार्ध पाठवते आहे. सगळं पुस्तक एकाच घरात राहिलेलं मला बघवत नाही गं. अर्धं तुझ्याकडे राहू दे.

अजून त्या अर्ध्या वाक्यावर थांबलेली,
तुझीच
रागिणी