साखरेच्या बाटलीचा आवाज

सोलापूर, विजापूर वेशीजवळ
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

गुरुशांतदादास,
बसवेशचा नमस्कार.

लिहितो लिहितो म्हणत तीन आठवडे घालवले. आधी पेन नव्हता. पेन मिळाला तर ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. फोनवर लिहिता आलं असतं, पण तिथं तुझं नाव दिसलं की काय लिहायचं ते विसरतो. म्हणून हा कागद. चाचांच्या बिलबुकाची मागची बाजू आहे, वाईट वाटून घेऊ नको.

मी बरा आहे. वहिनींना तसंच सांग.

दवाखान्यातून सुटलो तो सरळ इमामसाबचाचांच्या लिंबाच्या गोड गोळ्यांच्या भट्टीवर आलो. माळ्यावर झोपतो, खाली लिंबं पिळतो. आपल्या तंबूतल्या खेळात डोक्यावर फोडायची साखरेची बाटली ओतायला मी याच भट्टीवर शिकलो होतो, म्हणून चाचांना अजून माझ्यावर जीव आहे. पण विश्वास नाही. परवा म्हणाले, "बेटा, पळायचं तर कढई उतरल्यावर पळ. मधीच न्हाय." मी म्हटलं, आता कुठं पळतोय. तर म्हणाले, "ते तुझ्या पायाला सांग."

मंगळवारी हवालदार जबाब घ्यायला येणार आहे. तू निरोप पाठवलास, "बाटल्यांची अदलाबदल माझ्याच हातनं झाली म्हण. खेळ वाचंल." त्याचंच उत्तर लिहायला बसलोय, पण त्याआधी एक मजा सांगतो.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर धोंडप्पा सर होते. शाळेत विज्ञान शिकवायचे, आता मोतीबिंदू. त्यांच्या घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यायची. ते भाकरी मोडायचे आणि मी आवाज ऐकत पडून असायचो. हल्ली मी सगळ्याचे आवाज ऐकतो. तर मी त्यांना विचारलं, साखरेची काच होते म्हणजे नेमकं काय होतं? चाचा नुसतं म्हणतात, "लिंबू टाक, हलवू नको, गप बस."

सर खूश झाले. म्हणाले, "पाक गरम असतो तवा साखरंचे कण मोकळे हिंडतात. थंड व्हाय लागले की त्यांना ओळीनं बसायचं असतं. तसे बसले की दाणे धरतात, पाक पांढरा पडतो. लिंबानं अन् घाईनं थंड केलं की ओळ लावायला सवडच मिळत न्हाय."

"मग ते जागच्या जागी थांबतात?"

"थांबत न्हाईत, मंद होतात. गड्ड्याच्या जत्रंत सहाला तू कसा चालतोस? सुटा. आठला खांदा घालत. नऊला? जागंवर नुसता डुलतोस. तुला कुणी थांब म्हणालं का? न्हाय. शेजारचा हलंना म्हणून तू हलंनास, अन् तू हलंनास म्हणून शेजारचा. मधीच एकाला फट मिळती, त्याच्यामागं पाचसहा जण सरकतात, अन् त्यांच्या बाजूलाच दुसरा घोळका तसाच खिळलेला. शेवटी शेवटी तर पाक चार अंश उतरला तरी हालचाल धापट मंदावती. सा मिंटांचं काम तासावर, तासाचं धा तासांवर, पुढं वर्षांवर."

"मग काच कधी झाली म्हणायचं?"

"तसा क्षण दाखवता येत न्हाय, बाळा. कण पातळ पाकात जसे इस्कटलेले, तसेच काचंत. फरक एवढाच की आता ते आपल्या जन्मात जागा सोडणार न्हाईत."

मला त्या रात्री झोप आली नाही. सरांच्या बोलण्याचा आणि तुझा काही संबंध नाही, पण मी तुझाच विचार करत होतो. तू माझ्याशी कधी बोलेनासा झालास तो दिवस मला सापडत नाही.

ते जाऊ दे. त्या दिवसाचं लिहितो.

आदल्या दिवशीच्या खेळात तू माझ्या डोक्यावर बाटली फोडलीस, बायका किंचाळल्या, सगळं नेहमीसारखं. मग पुढचा एक गडी उठला, तुकडा उचलून चाटला आणि ओरडला, "गोड हाय की ओ! मालक, चहात टाकाय द्या थोडी!" अख्खा तंबू हसला. तूही हसलास. पण मागं येऊन तू जेवला नाहीस, हे मी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नवी बाटली ओतली. तू म्हणालास, "तासभर हितंच बस. धक्का लागू देऊ नको." मी बसलो. मग मौतच्या कुव्यातली मोटारसायकल बंद पडली, तिचं इंजिन उघडलं होतं, आणि मला इंजिन उघडलेलं दिसलं की... तुला माहीत आहे. परत आलो तर साचा रिकामा. तू म्हणालास, "झाली. ठेवलीय."

आणि दवाखान्यात तुझा निरोप आला की मी उठून गेलो, कुणाचा तरी धक्का लागला, दाणे धरले, बाटली दुधासारखी पांढरी पडली. खेळाची वेळ झालेली, म्हणून हाताला लागली ती खरी काचेची बाटली घेतलीस, हळूच मारणार होतास. हे मी मानलं. उठून गेलो ही चूक माझीच. म्हणून मंगळवारी तू म्हणतोस तसाच जबाब द्यायचं मी ठरवलंय.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. सरांना नाही, चाचांना नाही.

खेळ सुरू झाल्यावर तू ती बाटली पत्र्याच्या टेबलावर ठेवलीस तेव्हा खण्ण वाजलं. साखरेची वाजते टक. कुठल्याही गोंगाटात मला तो फरक कळतो. मला कळलं होतं, दादा. मी तुझ्याकडे बघितलं. तू लोकांकडे बघत होतास. बाजूला व्हायला एक पाऊल पुरलं असतं. केमच्या फलाटावर उपाशी झोपलेल्या मला उठवून तू अर्धी भजी दिलीस, तेव्हापासून तू उभं राहा म्हणशील तिथं मी उभा राहिलोय. वाटलं, दादाच्या हातात आहे. माझीच ऐकण्यात चूक झाली असेल.

उजव्या डोळ्यानं उजेड आणि अंधार एवढं कळतं. डॉक्टर म्हणतात यापुढं तेवढंच. पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर जातं, चाचा फडक्यानं पुसतात. मी बरा आहे असं वर लिहिलंय, ते खोडत नाही.

थांब जरा. चाचा खालून हाक मारतायत.

भुवनेश्वरी वहिनी आल्यात. सकाळच्या गाडीनं केमहून, एकट्या. मला वाटलं तूच पाठवलंस. त्या म्हणाल्या, "त्यांना म्हाईत न्हाय." मांडीवर आपल्या खेळाचा पत्र्याचा डबा होता. त्यातल्या तांदळात हात घालून त्यांनी बाटली काढली, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिली.

"भावजी, ही तुमच्या हातची. त्या दिवसाची. त्यांनी मला लपवाय सांगितली होती. म्हणाले, आज कोन चाटतंय बघतो."

डाव्या डोळ्यासमोर धरून बघितली. मधासारखी आहे. आरपार. एक दाणा नाही, दादा.

टेबलावर ठेवली. टक.

शेवटी 'तुझाच' लिहायला जागा सोडली होती, ती तशीच राहू दे. वहिनी मंगळवारपर्यंत इथंच थांबतायत. बाटली परत तांदळात पुरून ठेवलीय, तोवर ओल धरायला नको.

बसवेश